मान सैल सोडा

त्या दिवसांत आमच्या गल्लीत माझ्यापेक्षा बाबांच्या दाढीबद्दल जास्त बोललं जायचं. दूधवाली दारातूनच विचारायची, "कितपत आली?" जणू पिकाचीच चौकशी. बाबा पलंगावरून ओरडायचे, "आली गुडघ्याएवढी! कापणीला माणूस नाही!" माणूस मिळत नव्हता अशातला भाग नाही. बाबांना जो हवा होता तो येत नव्हता.

बाबा गवंडी. परांचीवरून पडले तेव्हापासून कमरेखाली काही जाणवत नाही. कमरेवर सगळं शाबूत, जीभ तर गरजेपेक्षा जास्तच. त्यांची दाढी करायला बसथांब्यासमोरचा सलूनवाला यायचा. त्याला सगळे अलगद म्हणतात. खरं नाव फक्त त्याच्या बायकोला ठाऊक असणार, आणि ती त्याला 'अहो' म्हणते. वस्तरा चालवताना तो दर खेपेला ओठांतल्या ओठांत म्हणतो, "अलगद... अलगद..." गिऱ्हाइकाला नाही, स्वतःच्याच हाताला. तेच नाव पडलं.

एकदा कधीतरी एक बाई त्याच्या सलूनच्या पायरीशी येऊन नुसती उभी राहिली होती. आत पुरुष बसलेले, ती आत येईना. शेवटी हाच बाहेर गेला. ती म्हणाली, "आमचे हे दर शनिवारी तुमच्याकडे यायचे. आता अंथरुणातून उठत नाहीत. आरशात बघून रडतात." त्याच दुपारी दुकान मेहुण्यावर सोडून हा तिच्या घरी गेला. तिथून ते सुरूच झालं. सकाळी दुकान उघडायच्या आधी मोटरसायकलला धोकटी अडकवायची आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या दाढ्या करत फिरायचं. धोकटी म्हणजे त्याची चामड्याची हत्यारांची पिशवी. मोटरसायकलचं नाव खेचर, कारण चढ दिसला की ती विचारात पडते.

झोपलेल्या माणसाची दाढी वेगळी असते हे मला त्याच्यामुळे कळलं. बसलेल्याचा गाल खाली ओघळतो, झोपलेल्याचा कानाकडे. म्हणून कातडी उलट बाजूने ताणायची. उशी काढून मानेखाली गुंडाळलेला टॉवेल द्यायचा. आणि वस्तऱ्याला हात लावण्याआधी डाव्या हाताची बोटं गळ्यावरून फिरवून केस कुठून कुठे वळलेत ते वाचून घ्यायचं. हनुवटीखाली प्रत्येकाचा भोवरा निराळा. मग तो म्हणायचा, "मिस्तरी, मान सैल सोडा." बाबा, जे कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत, ते मान सैल सोडायचे आणि दुसऱ्या गालाला वस्तरा लागेपर्यंत घोरायला लागायचे.

त्या सकाळी तो आमच्याकडेच निघाला होता. धुकं एवढं होतं की रस्ता आहे हे फक्त चाकाला माहीत. दोन्ही बाजूंना मका उभा. नाल्यावरच्या वळणावर मक्यातून एक काळी भिंत सरकत आली आणि खेचराने तिला धडक दिली.

रानडुकरीण होती. पोरं घेऊन पलीकडे चालली होती.

दूधगाडीचा ड्रायव्हर आधी पोचला. तो जे सांगतो ते आजही लोकांना खरं वाटत नाही. खेचर नाल्याच्या कठड्याला टेकून पडलेलं, चाक अजून फिरतंय. रस्त्यावर अलगद आडवा. त्याच्या कुशीला लागून डुकरीण आडवी. दोघांच्या मधे फुटलेल्या डब्यातला साबण दवावर पसरून फेस झालेला, आणि त्या फेसात अंगावर पट्टे असलेली चिमुकली पिल्लं हुंगत फिरतायत. एकाच्या तोंडाला तर कानापर्यंत फेस. दाढीला बसल्यासारखं.

ड्रायव्हर गाडीतूनच ओरडला, "अलगद! अरे, मेलास का?"

"नाही," अलगद म्हणाला. "गाडी बंद कर. पिल्लं बुजतील."

थोड्या वेळाने डुकरीण धापा टाकत उठली, एका पायावर झुकत उभी राहिली, अलगदकडे बराच वेळ पाहिलं आणि मक्यात शिरली. मागून पट्ट्यांची रांग. फेसवालं सगळ्यात शेवटी.

त्याचं खांद्याचं हाड मोडलं होतं, गुडघा सोलून निघाला होता. मी ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. मी भांडणारी बाई आहे. माझी शाळा लहानपणीच सुटली, कायदा मी सरकारी कार्यालयांच्या बाकांवर बसून शिकले, आणि त्या बाकांना माझी सवय झाली आहे. त्या वळणावरची झाडी कापा म्हणून मी आधीच घसा फोडला होता. आता टेबलावर हातच आपटला. झाडी कापली. पाटीही लागली, पण तिच्यावर हरीण. "ताई, डुकराची पाटी स्टॉकमध्ये नाही," साहेब म्हणाले. मी म्हटलं, "मग डुकरांना कसं कळणार?" साहेब हसले नाहीत. मीही नाही.

बसथांब्यावर मात्र बंदुकीच्या गोष्टी सुरू झाल्या. डुकरीण माजलीय, अंगावर येते, अलगदने तसं सांगावं म्हणजे शिकारी बोलावता येतील. हात गळ्यात बांधलेला अलगद दुकानाच्या कोपऱ्यात बसून म्हणाला, "ती अंगावर नाही आली. मी गेलो. पोरं घेऊन चाललेल्या बाईची चूक काढायची कशी, सांगा मला कुणीतरी." विषय तिथेच मेला.

हाड जुळलं. डॉक्टरांनी हात वर-खाली करून पाहिला, ठणठणीत म्हणाले. आणि पहिल्याच गिऱ्हाइकाच्या गळ्याशी वस्तरा नेला तेव्हा अलगदचा हात थरथरला. पुन्हा नेला, पुन्हा तेच. वस्तरा पुसून घडी करून ठेवला आणि त्यानंतर उचललाच नाही. सलून मेहुणा चालवायला लागला. मेहुण्याचा हात चांगला आहे, पण तो दाढी करतो ती भाजी निवडल्यासारखी. अंथरुणावरच्या माणसांकडे जायला तो तयार नव्हता, आणि तयार असता तरी आमच्या बाबांनी त्याला दारात उभं केलं नसतं.

मग मीच एक दिवस फेस काढला. पहिल्याच फटक्याला बाबा किंचाळले, "अगं, गालावर मोर्चा काढतेस का?"

"हलू नका!"

"आणि घोषणाही देतेय! ठेव ते. तो येईल तेव्हा येईल."

"आणि नाही आला तर?"

बाबा छताकडे बघत राहिले. त्यांना दिवसभर दिसतं ते छतच. मग हळूच म्हणाले, "मला हात लावणारी माणसं किती उरलीत ग? तू उचलतेस, पुसतेस, कूस बदलतेस. ते काम आहे. तो हात लावायचा तेव्हा मी गिऱ्हाईक असायचो."

मी चप्पल घातली आणि तडक अलगदच्या घरी गेले. तो ओट्याशी कांदा चिरत होता. पातळ, एकसारखा, कागदासारखा.

"बघा!" वहिनी म्हणाल्या. "हात बघा त्यांचा! थरथर म्हणे!"

"कांद्याला गळा नसतो," अलगद म्हणाला.

मी जे बोलायचं ते बोलले. आवाज चढवून बोलले, ते सांगण्यासारखं नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं, हात धुतले, खुंटीवरची धोकटी काढली. "दाढी करेन असं म्हणत नाही, ताई. मिस्तरींना तोंड दाखवून येतो. पण खेचरावर बसणार नाही."

म्हणून आम्ही चालत निघालो. ऊन कोवळं होतं. धुकं जमिनीपासून गुडघ्याएवढंच उरलं होतं, त्यामुळे आमचे पाय आम्हालाच दिसत नव्हते. वरचा अर्धा माणूस तेवढा तरंगत चाललेला. मका आता पिवळा पडला होता आणि वारा नसतानाही आतल्या आत कुजबुजत होता. हरणाच्या पाटीखाली अलगद थांबला. कठड्यावर बसला. इतके दिवस कुणाला न सांगितलेलं तिथे बोलला, आणि माझ्याकडे बघून नाही, मक्याकडे बघून.

"पडलो तेव्हा दुखलंच नाही, ताई. कापसात पडल्यासारखं. कुणीतरी शेजारी झोपलंय आणि गरम श्वास टाकतंय एवढंच कळत होतं. मला वाटलं घरीच आहे. उजवा हात हलेना. डावा तिच्या मानेवर पडला होता. मग कळलं, घरी नाही. ती उठली असती तर मला उभा फाडला असता. पण हात काढायचं सुचलं नाही. बोटं आपली फिरायला लागली. सवय. राठ केस, आपल्या ब्रशासारखे. कुठून कुठे वळलेत ते बघत होती बोटं. भोवरा सापडला. आणि मी म्हणालो..."

तो हसला.

"काय म्हणालात?"

"दुसरं काय येतं मला? म्हटलं, मान सैल सोडा."

"आणि?"

"सोडली. खरंच सोडली हो. एवढी मोठी मान, माझ्या हातावर टाकली. आणि तेव्हा हाताला ठोका लागला. धड, धड. केसांच्या खाली, कातडीच्या खाली. पिल्लं माझ्या पायावरून चाललेली, तोंडात साबण, आणि हातात तो ठोका." त्याने तळवा उलटा करून पाहिला. "आयुष्य गळ्यांवर गेलं माझं. मला नेहमी केसच लागले हाताला. आता गळ्यावर बोट ठेवलं की पहिला ठोका लागतो. वस्तरा कुणावरून फिरवतोय ते कळतं. मग हात राहत नाही."

मी त्याची धोकटी माझ्या खांद्याला अडकवली आणि पुढे निघाले.

घरी आलो. बाबांनी त्याला पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. "कोण पाहिजे? इथे साधू राहतो."

"मिस्तरी, मी दाढी करायला नाही आलो."

"मग काय वरात घेऊन आलास?" बाबा वळले. डोळे भरले होते, पण आवाज तसाच. "काय झालं सांग."

अलगदने थोडक्यात सांगितलं. ठोका, हात, सगळं. मला वाटलं बाबा चेष्टा करणार. ते म्हणाले, "ब्रश कसल्या केसांचा असतो तुझा?"

"डुकराच्या."

"मग इतकी वर्षं तिच्या जातीच्या केसांवर पोट भरलंस. तिने एवढं तरी दाखवायचंच होतं." मग त्यांनी हनुवटी वर केली. "बघ माझा. लागतोय का? कमरेखालची खबर मला लागत नाही. वरचं तरी चालू आहे का, कुणीतरी बघून सांगत जा."

अलगदने डावा हात त्यांच्या गळ्यावर ठेवला. ठेवून तसाच बसला. खिडकीतून ऊन पलंगाच्या पायथ्याशी आलं, चादरीवर चढलं. बाहेर कुणीतरी बादली भरत होतं.

"चालू आहे," तो शेवटी म्हणाला.

"मग कर."

मी पाणी गरम केलं. फेस झाला. वस्तऱ्यात नवं पातं बसलं. हात गळ्यापाशी गेला आणि थरथरला. मी दाराची चौकट घट्ट धरली.

"अलगद," बाबा डोळे मिटून म्हणाले, "हात सैल सोड."

हात तिथेच थांबला. डाव्या हाताची दोन बोटं ठोक्यावरून हलली नाहीत. उजवा हात खाली आला, जरासा सरकला, थांबला, पुन्हा सरकला. ओठ हलायला लागले. कातडीवरून पातं जातानाचा तो बारीक आवाज मी कितीतरी दिवसांनी ऐकला. पहिला गाल झाला, गळा झाला, आणि बाबांच्या नाकातून घोरण्याची सुरुवात झाली.

आता दुसरा गाल. एरवी तो म्हणायचा, "मिस्तरी, तोंड इकडे." पण झोपलेली मान त्याच्या हातावर पूर्ण सुटलेली होती आणि ती वळवायला तो तयार नव्हता. त्याने पलीकडे बघितलं. पलीकडे भिंत, पलंग तिला चिकटलेला. मग त्याने माझ्याकडे बघितलं.

लोखंडी पलंग, चाकं नाहीत, त्यावर माझा बाप. मी जन्मात एकही वस्तू आवाज न करता हलवलेली नाही. मी पायथ्याशी वाकले, दोन्ही हातांनी पलंगाचा पाय धरला, आणि अलगदने जागेवरूनच, बोटं न उचलता, ओठांतल्या ओठांत मला सांगायला सुरुवात केली.