दर गुरुवारची पेशंट

दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीमागे बावीस वर्षं बसून बाईंच्या जिभेला अशी धार आली होती, की रांगेतली माणसं विचारण्याआधीच आपलं नाव-वय सांगून मोकळी होत. तरी मोठ्या सरांनी नेमकं त्यांनाच बोलावलं. फॅमिली डॉक्टर व्हायला शिकणाऱ्या निवासी डॉक्टरांना पेशंटच्या मनाचंही कळावं, म्हणून दर गुरुवारी सरावाला आणि परीक्षेला एक खोटी पेशंट हवी होती.

"तुमचा चेहरा मुळातच दुःखी आहे," सर म्हणाले. आपल्याला माणसं वाचता येतात, असा सरांचा समज होता.

बाईंच्या हाती कागद पडला: नवरा वारला, झोप नाही, भूक नाही. घरचा नवरा धडधाकट. त्यानं कागद वाचला आणि चार दिवस गाल फुगवून बसला.

काचेपलीकडून सर गुण देत. मान हलवली, एक गुण. 'तुमचं दुःख मी समजू शकते' म्हटलं, दोन गुण. पहिलीच डॉक्टरीण खुर्चीला टेकायच्या आत म्हणाली, "तुमचं दुःख मी समजू शकते."

"अहो, मी अजून सांगितलंच कुठंय?"

"हो, हो, सांगा ना. आठ मिनिटं आहेत आपल्याकडे."

तिला वीसपैकी अठरा मिळाले. पुढं वर्षभर असेच येत गेले, समजू शकत गेले.

मग आला चष्मेवाला. घामाघूम. पाठ केलेलं पार विसरला. "झोप कधीपासून गेली?" एवढं कसंबसं विचारून गप्प झाला. गप्प, पण नजर बाईंवरच. काय झालं कोण जाणे, कागदावरचा नवरा राहिला बाजूला आणि बाई बोलून गेल्या, "अकरा वर्षं झाली, धाकटी बहीण माझ्याशी बोलत नाही. चूक माझीच होती." मग थांबेनातच. त्यानं मान हलवली नाही, टिश्यूचा डबा पुढं केला नाही. नापास झाला.

बाई तडक सरांच्या केबिनमध्ये. "त्याला नापास कसं केलंत? ऐकून घेतलं ते त्या एकट्यानं!"

सरांची नजर मोबाइलवर. "हं. तुमची भावना मी समजू शकतो."

"मी काय म्हणाले, सांगा बरं."

"रजेचंच ना?"

त्या रविवारी बाईंनी बहिणीला फोन लावला. दोघी आधी भांडल्या, मग रडल्या, मग पुन्हा भांडल्या. एकूण बरं झालं.

महिन्यानं चष्मेवाला फेरपरीक्षेला आला. भांग पाडून, सगळं घोटून. बाईंनी कागद बाजूला ठेवून हौसेनं सांगितलं, "माझी बहीण बोलायला लागली हो!"

त्यानं मान हलवली, डबा सरकवला आणि हळुवारपणे म्हणाला, "हे तुम्हाला फार जड जात असेल."

वीसपैकी वीस.

बाहेर येऊन त्यानं विचारलं, "या वेळी जमलं ना, बाई?"

"जमलं हो," बाई म्हणाल्या, आणि सरांना दुसरी पेशंट शोधायला सांगून आपल्या खिडकीमागे जाऊन बसल्या.