बोडिलच्या दारावरची पाटी

बोडिल लोरेंत्सेनने एकाहत्तराव्या वर्षी दुसरं लग्न केलं, तेव्हा अर्ध्या फ्लेन्सबुर्गने तोंडात बोटं घातली. उरलेल्या अर्ध्या गावाला ती चांगलीच ठाऊक होती. बुटांच्या कारखान्यात चाळीस वर्षं शिलाई मारलेली, डेन्मार्कच्या सीमेजवळच्या या जर्मन गावात राहून घरात डॅनिशच बोलणारी, कुणाच्या बापाला न भिणारी बाई. नवरा आस्मुस मात्र अगदी गरीब गाय.

लग्नाच्या सकाळी शेजाऱ्यांनी रिवाजाप्रमाणे तिच्या दाराभोवती पाइनच्या डहाळ्यांची कमान बांधली. वर डॅनिश पाटी: ‘न्यूगिफ्ट’, म्हणजे नवविवाहित. दुसऱ्याच दिवशी इमारतीचा व्यवस्थापक फोल्मर जिना चढून आला.

“पाटी काढा, बाई. वरचा फ्लॅट बघायला गिऱ्हाईक येतंय. दारावर ‘गिफ्ट’, म्हणजे विष, वाचून पळून जाईल!”

“तुमच्या जर्मनमध्ये नुसतं विष. इंग्रजांकडे तीच अक्षरं म्हणजे भेटवस्तू. आमच्याकडे विषही आणि लग्न झालेलाही. आमच्या पूर्वजांनी संसार करून बघितला होता ना!”

“अगं, काढूया की,” आस्मुस पुटपुटला.

“तू गप रे.”

पहिल्या लग्नात सासूने अशीच पाटी परस्पर चुलीत घातली होती. जर्मन शेजाऱ्यांत शोभा नको, म्हणे. वीस वर्षांची बोडिल तेव्हा मूग गिळून बसली. त्या मुगाची चव पन्नास वर्षं तिच्या तोंडातून गेली नव्हती.

“कमान मी बांधली नाही, मी सोडणार नाही,” ती म्हणाली. “ज्यांनी बांधली त्यांनीच आठव्या दिवशी सोडायची. विचारा त्यांना.”

बांधणारे बहुतेक सगळे जर्मनच, आणि गंमत बघायला जिन्यात जमलेले. फोल्मरने तिसऱ्या मजल्यावरच्या ब्राशबाईंना गाठलं. “तुम्ही तर आपल्यातल्या. सोडा ती पाटी.”

बोडिलने ब्राशबाईंकडे पाहिलं. ही हो म्हणाली की पाटी पुन्हा चुलीत.

ब्राशबाईंनी शांतपणे चष्मा पुसला. “साहेब, पाटी मीच रंगवली. माझ्या स्वयंपाकघरात बसून, एकेक अक्षर डिक्शनरीत बघून. पुढच्या शनिवारी या, सोडू. त्या दिवशी दारू हिच्याकडून असते.”

“ऐकलंत ना?” बोडिल म्हणाली आणि तिला सगळ्यांदेखत रडू फुटलं. रडत रडतच तिने खुर्ची ओढली आणि कमानीखाली ठाण मांडलं.