फायरवॉल लावली त्या दुपारी ऐकलेली हाक

आधीच सांगतो — भूतखेत, करणी, नजर, यातलं मला काही पटत नाही. बायकोनं दाराला लिंबू-मिरची बांधली की मिरच्या मी भाजीत टाकतो आणि वर बोलणी खातो. त्यामुळे हे वाचून कोणी हसलं तर हरकत नाही. मीही हसलो असतो.

मी जळगावला केळीच्या एका व्यापारी कंपनीत आयटी सांभाळतो. ऑफिस जळगावात, आणि धुळ्याबाहेर हायवेला केळी पिकवायचे चेंबर... म्हणजे गार, हवाबंद खोल्या. केळी पिकताना आत गॅस साठतो, माणूस अडकला तर भोवळ येऊन पडतो. म्हणून प्रत्येक चेंबरमध्ये आतून एक लाल बटण आहे. ते दाबलं की गेटवरच्या कॉम्प्युटरला निरोप जातो आणि तिथल्या स्पीकरवर सायरन वाजतो.

बटण येण्याआधी हे काम नाना करायचे. देवपूरचे नाना, तिथले जुने सुपरवायझर. कडी लावण्याआधी ते दारात उभे राहून हाक मारायचे, "कोनी शे का मझार?" म्हणजे, आत कोणी आहे का? मग थोडं थांबायचे, आणि मगच दार लावायचे. नाना वारले, नंतर बटण आलं, आणि बटण आहे म्हटल्यावर हाक मारायची पद्धत बंद पडली. मी त्यानंतर नोकरीला लागलो. नानांना मी कधी पाहिलं नाही, त्यांचा आवाजही ऐकला नव्हता. हे लक्षात ठेवा.

गेल्या उन्हाळ्यात आमचे शेठजी म्हणाले, "लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस घुसून राहिले, आपली दारं लावून घ्या." मी सर्व्हरवर फायरवॉलचे नियम लिहायला घेतले. फायरवॉल म्हणजे प्रत्येक कॉम्प्युटरचा वॉचमन. नियम जळगावात एकदाच लिहायचा, तो आपोआप सगळ्या मशीनवर पोचतो. माझा नियम साधा होता : त्या कॉम्प्युटरच्या बाहेरून येणारं सगळं बंद, विचारून घेतलेलं तेवढं चालू. प्रत्येक विभागाला विचारलं, तुम्ही काय काय वापरता? सगळ्यांनी रोजचं सांगितलं. बटण कधी कोणी दाबलंच नव्हतं, म्हणून ते कोणी सांगितलं नाही.

नियम लावले आणि जेवणानंतर धुळ्याहून सुनंदाअक्कांचा फोन आला. गेटवरचा कॉम्प्युटर त्याच बघतात.

"भाऊ, काय करून ठेवलं? गोडाऊनवाल्यांची पावती माझ्या प्रिंटरवर निघत नाहीये."

"अक्का, नवीन फायरवॉल आहे. बघतो—"

तेवढ्यात फोनमध्ये मागून एक आवाज आला. म्हातारा, खर्जातला, अजिबात घाई नसलेला.

"कोनी शे का मझार?"

मला वाटलं कोणी खोलीत आलं असेल. मी म्हटलं, "अक्का, कोण आहे?"

अक्का हळूच म्हणाल्या, "भाऊ, आपले नाना शेतस ते... स्पीकरमधून." फोन टेबलावर आपटला आणि त्यांच्या चपला पळत गेल्याचं मी ऐकलं.

त्यांनी एकेक चेंबर उघडला. शेवटच्यात कैलास होता, क्रेट उचलणारा. विसरलेला मोबाइल घ्यायला आत गेला, मागून कोणीतरी दार लावून टाकलं. भिंतीला टेकून बसला होता, हात बटणावर. अक्का त्याला ओढत म्हणाल्या, "ऊठ रे भो, चाल बाहेर!" दवाखान्यात नेल्यावर संध्याकाळपर्यंत तो बरा झाला.

मी जळगावातूनच गेटच्या मशीनचा लॉग, म्हणजे आल्यागेल्या निरोपांची नोंद, उघडला. कैलासनं बटण पुन्हा पुन्हा दाबलं होतं. प्रत्येक निरोप गेटपर्यंत आला होता आणि प्रत्येक निरोप माझ्या नियमानं बाहेरच टाकून दिला होता. भरवशाच्या म्हशीला टोणगा! सायरन वाजलाच नव्हता.

बटणाला परवानगी देणारा नियम मी तिथल्या तिथे लावला. दुसऱ्या दिवशी धुळ्याला जाऊन तो कॉम्प्युटर पूर्ण चाळला. त्यात सायरनच्या फाइलशिवाय कसलाच आवाज नाही. नानांच्या मुलाला भेटलो, तो म्हणाला, त्यांचा आवाज आमच्याकडेही नाही हो, असता तर रोज ऐकला असता. अक्का मात्र घाबरलेल्या नव्हत्या. "नाना रोजच विचारायचे, त्यात काय?" एवढंच म्हणाल्या.

आता बटण दाबलं की नीट सायरन वाजतो. फक्त सायरन. तरी अक्का दार लावण्याआधी हाक मारायला लावतात. कैलास सगळ्यांत मोठ्यानं मारतो.

मला याचा उलगडा आजही झालेला नाही. पण कुठलाही नवा नियम सगळ्या मशीनवर सोडण्याआधी मी जळगावात खुर्चीत बसून स्क्रीनला विचारतो, "कोनी शे का मझार?" ऑफिसातली पोरं हसतात. हसू देत. मी थोडं थांबतो, आणि मगच एंटर दाबतो.