बारवेची सून

एक्याऐंशी साली लग्न होऊन मी या गावात आले तेव्हा नळाला पाणी दोन दिवसांआड यायचं. बाकी सगळी भिस्त गल्लीच्या टोकाच्या बारवेवर. काळ्या दगडाची, खोल पायऱ्यांची जुनी बारव. आमच्या बाजूनं आम्ही उतरायचो, समोरून मोहल्ल्यातल्या बायका. घागरी भरताना दोन्हीकडून गप्पा चालायच्या.

बारवेची गोष्ट मला शेजारच्या मावशींनी सांगितली. बारव खणली पण पाणी लागेना. मग गावच्या मानकऱ्यानं आपल्या सुनेला ओटी भरून तळाशी पूजेला पाठवलं. पाणी तिच्या घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं. दर वेळी ती विचारायची, ‘मामंजी, आता येऊ का वर?’ आणि वरून उत्तर यायचं, ‘गावाची तहान अजून राहिली.’ असं करत पाणी तिच्या डोक्यावरून गेलं. मावशी हे गाऊन सांगायच्या. मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होते. माहेराहून टेपरेकॉर्डर आणून मी त्यांचं गाणं टेप करून ठेवलं. पुढं दरवर्षी मुलींना बारवेवर नेऊन ही गोष्ट सांगू लागले. मुली स्नेहसंमेलनात ते गाणं म्हणायच्या आणि आयांचे डोळे भरून यायचे.

काही वर्षांनी आमच्या घरापासून तिसऱ्या घरात नवी सून आली. भोकरदनकडची, अंगानं किरकोळ. पाण्याला यायची ती उन्हं चढल्यावर, बायका पांगल्या की. एकदा तिच्या दंडावर डागल्यासारखी खूण दिसली. मी विचारलं तर म्हणाली, “काई न्हाई बाई, तवा लागला.” पुढच्या वेळी दुसऱ्या हातावर तशीच खूण होती. मी तिच्या सासूशी बोलून पाहिलं. सासूनं मला चहा दिला आणि सून वेंधळी असल्याचं सांगितलं.

उन्हाळ्यातल्या एका सकाळी ती बारवेत सापडली.

पाय घसरला, असं घरच्यांनी सांगितलं. पोलीस ठाण्यातले जमादार गल्लीत चौकशीला आले तेव्हा मी त्यांना खुणांचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. पुढं काही झालं नाही. तेराव्यापर्यंत गल्लीत एकच बोलणं पसरलं होतं : बारवेनं सून नेली. मावशीसुद्धा म्हणाल्या की बारव अशी अधनंमधनं मागतेच. त्यांच्या मनात कपट नव्हतं. पण ज्या गाण्यानं मी इतकी वर्षं हरखून जायचे, त्याच गाण्याच्या आड एक अख्खं घर सुखानं लपून बसलं.

महिन्याभरानं तिची आई शाळेत मला शोधत आली. मी खुर्ची दिली तर जमिनीवर बसली. पाणी पुढं केलं तर म्हणाली, या गावचं पाणी तिच्या घशाखाली उतरणार नाही. मग म्हणाली, “बाई, माझ्या लेकीला बारवेनं न्हाई नेलं. तुमी पोरींना गोष्ट सांगता म्हणं. मंग तिचं बी सांगा.”

मला जमलं नाही. त्या घरच्याच दोन मुली माझ्या वर्गात होत्या. मी गोष्ट सांगणंच बंद केलं.

पुढं घरोघर नळ झाले आणि बारवेत केरकचरा, फुटके देव, पाडलेल्या घरांचा मलबा पडू लागला. दोन हजारनंतर गावातल्या काही तरुणांनी ती साफ करायला घेतली. अनेक महिने गाळ उपसला. चेपलेल्या घागरी आणि काचेच्या बांगड्यांचे तुकडे निघाले. त्यांना बारवेची गोष्टही जपायची होती. मावशी केव्हाच वारल्या होत्या. गाणं फक्त माझ्या टेपवर उरलं होतं. मी टेप दिली आणि कार्यक्रमात गोष्ट मी सांगेन, असं सांगितलं.

पहिल्या रांगेत त्या मुलीचा नवरा बसला होता. आता तो गावातला मोठा माणूस होता, शेजारी दुसरी बायको. मी जुनी गोष्ट पूर्ण सांगितली. मग म्हणाले, “आपल्या डोळ्यांदेखत याच बारवेत आणखी एक सून गेली. तिला बारवेनं मागितलं नव्हतं. तिच्या हातावर डागल्याच्या खुणा होत्या. त्या मी पाहिल्यात.”

नवरा उठून निघून गेला. त्याची बायको मात्र पदर तोंडाशी धरून शेवटपर्यंत बसून राहिली. नंतर त्या तरुणांपैकी एकजण मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, “बाई, गावाची बदनामी होऊन राह्यली ना.” बारवेपाशी पाटी लागली ती फक्त जुन्या सुनेची. तिच्या त्यागाबद्दल चार ओळी आहेत. मला पुन्हा बोलावलं नाही.

आठवड्याभरानं मी भोकरदनची बस धरली आणि विचारत विचारत त्या आईच्या घरी गेले. ती दोन वर्षांपूर्वी वारली होती. तिचा मुलगा गोठ्यात बैलांना वैरण टाकत होता. मी गावासमोर काय बोलले ते त्याला सांगितलं. त्यानं हातातली पेंडी टाकली आणि म्हणाला, “आता काय उपेग, बाई.”

तरी तो मला फाट्यापर्यंत पोचवायला आला. बस उशिरा आली. तोवर तो बाजूलाच उभा होता.