जोआना टीचरांचं वाक्य

जोआना तुस्कानो आम्हाला आठवीपासून दहावीपर्यंत मराठी शिकवायच्या. त्यांना निवृत्त होऊन आठ वर्षं झाली आणि मला शाळा सोडून पंचवीस, तरी आमच्या बॅचला त्या टीचरच. त्या वसईत पापडीला राहतात, मी जवळच बोळिंजला. गेल्या वर्षी जानेवारीत त्यांचा फोन आला.

"स्वप्ना, तू ऑफिसात मराठी टाइप करतेस ना? माझा एक निबंध आहे. ऐंशी पानांचा होता, चौदावर आणलाय."

मी म्हटलं, आणा. दोन दिवसांनी त्या स्वतः बसने आल्या. हातात वही होती, शाळेतल्यासारखीच खाकी कव्हर घातलेली. निबंधाचा विषय होता बाप्तिस्म्याआधी वारलेली बालकं आणि त्यांच्याविषयी पहिल्या चार शतकांतल्या ख्रिस्ती आचार्यांचे विचार. मी हिंदू घरातली, मला यातलं काही कळत नव्हतं. टाइप करताना प्रत्येक पानावर अडायचे आणि विचारायचे. सांगता सांगता एके दिवशी त्यांनी बाकीचंही सांगितलं.

चौऱ्याऐंशी साली टीचर पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेल्या होत्या. गावच्या दवाखान्यात मुलगी झाली, सातव्या महिन्यात. सहा तास जगली. फादर चर्चमधली मिस्साची प्रार्थना आटोपून निघाले होते, ते पोचेपर्यंत संपलं होतं. बाप्तिस्मा, म्हणजे डोक्यावर पाणी घालून नाव देण्याचा विधी, झाला नव्हता, म्हणून दफनभूमीत इतरांच्या शेजारी जागा मिळाली नाही. मागच्या भिंतीला लागून अशा मुलांसाठी एक पट्टी ठेवलेली होती, तिथे पुरलं. क्रूस नाही, नाव नाही. गावात तशीच रीत होती, कुणी वाईट बोललं नाही. टीचर अंथरुणावर होत्या, त्यांनी ती जागा सव्वा महिन्यानंतर पाहिली. तोवर तिथे गवत आलं होतं, आणि नेमकं कुठे ते दाखवणाऱ्याला सांगता येईना.

"फादरना मी विचारलं, ती आता कुठे आहे? ते म्हणाले, देव दयाळू आहे. मी म्हटलं, ते मला ठाऊक आहे, पण ती कुठे आहे?"

पुढे मूल झालं नाही. त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला टीचर वाचायला लागल्या. आधी धर्मशिक्षणाची पुस्तकं, मग मिळतील ते इंग्रजी ग्रंथ. कुठे चर्चासत्र आहे असं कळलं की रजा टाकून जायच्या. गोरेगाव, पुणे, एकदा गोव्यालाही. तिथे बहुतेक फादर, काही सिस्टर, थोडे प्राध्यापक. साडी नेसलेली शाळामास्तरीण एकटीच असायची. मागच्या रांगेत बसून लिहून घ्यायच्या. चहाच्या वेळी एखाद्या विद्वानाला गाठून प्रश्न विचारायच्या. उत्तरं मिळायची, पण ती सगळी एकमेकांच्या विरोधात. एका आचार्याने म्हटलेलं की अशा मुलांना शिक्षा होते, सौम्य असली तरी शिक्षाच. दुसऱ्याने म्हटलेलं, शिक्षा नाही पण देवाचं दर्शनही नाही. ग्रीक अक्षरं त्या ओळखायला शिकल्या, वाक्याचा अर्थ मात्र लागत नसे.

आणि मग एका जुन्या इंग्रजी भाषांतरात त्यांना ते वाक्य सापडलं. चौथ्या शतकातला एक बिशप, आजच्या तुर्कस्तानातल्या कुठल्याशा लहान गावचा. त्याच्या प्रवचनात लिहिलं होतं, 'जे बाळ नाव मिळण्याआधी गेलं, त्याला ज्याने घडवलं तो नावानेच हाक मारतो.' त्या दिवशी टीचरांनी बाजारातून मासे आणले आणि बाळ गेल्यानंतर पहिल्यांदा दोन वेळ पोटभर जेवल्या, असं त्यांनी मला सांगितलं. निबंधाची चौदाही पानं त्या एका वाक्याकडे जात होती.

चर्चासत्र फेब्रुवारीत नायगावला होतं, खाडीजवळच्या एका संस्थेच्या सभागृहात. दोन दिवस, आद्य ख्रिस्तसभेतला, म्हणजे सुरुवातीच्या चर्चमधला, विचार हाच विषय. मराठीत निबंध वाचायची परवानगी त्या वर्षी पहिल्यांदाच दिली होती. टीचरांना दुसऱ्या दिवशी जेवणानंतरची वेळ मिळाली. मी सुट्टी घेऊन गेले. त्यांचे मिस्टर फर्डिनंड अंकल स्कूटरवरून त्यांना घेऊन आले. कंपनीतून निवृत्त झाल्यावर ते घरामागे फुलझाडं लावत बसत. एरवी अशा ठिकाणी बाहेरच थांबायचे. त्या दिवशी मी म्हटलं, "अंकल, आत चला ना, टीचर बोलणारेत." ते आले आणि शेवटच्या रांगेत दाराजवळ बसले.

बाहेरगावचे पाहुणे जेवून निघून गेले होते. दीडशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये तीसेक माणसं उरली असतील. अध्यक्षांनी वीस मिनिटांची बारा केली. टीचर घाबरल्या नाहीत. वर्गात वाचायच्या तशा सावकाश, ठासून वाचत गेल्या. मधली पानं गाळली आणि वाक्याशी आल्या. ते त्यांनी दोनदा वाचलं. मग कागद खाली ठेवून म्हणाल्या, "म्हणजे सोळाशे वर्षांपूर्वी एका बिशपने हे सांगून ठेवलेलं आहे. आपल्या गावांतल्या किती बायका हे न कळताच मेल्या."

टाळ्या पडल्या. मग पुढच्या रांगेतून एक तरुण फादर उभे राहिले. फादर फ्लॉईड, वसईचेच, रोममध्ये सात वर्षं शिकून नुकतेच परतलेले. त्याच बिशपच्या हस्तलिखितांवर त्यांनी काम केलं होतं. ते फार आदराने बोलले.

"टीचर, निबंध मला आवडला. एक अडचण सांगायला हवी. ते वाक्य त्यांचं नाही. सगळ्यात जुन्या तीन प्रतींत ते नाही. नवव्या शतकात प्रत उतरवून काढणाऱ्या एकाने ते समासात लिहिलं, आणि पुढच्याने नक्कल करताना मजकुरात घेतलं. तुम्ही वापरलेलं भाषांतर दीडशे वर्षांपूर्वीचं आहे, तेव्हा हे कुणाला ठाऊक नव्हतं."

टीचरांनी विचारलं, "मग त्यांनी स्वतः या मुलांबद्दल काय म्हटलंय?"

"काहीच नाही, टीचर. त्या विषयावर त्यांनी एक ओळही लिहिलेली नाही."

"एकही नाही?"

"नाही."

त्यांनी मान हलवली, कागद गोळा केले आणि खाली उतरल्या. पुढच्या निबंधाची घोषणा झाली. कुणाला काही घडलं असं वाटलंही नसेल. चर्चासत्रांत असं होतच असतं, एकजण मांडतो, दुसरा दुरुस्त करतो. फादर फ्लॉईड नंतर चहाच्या टेबलाशी त्यांना शोधत आले. म्हणाले, "टीचर, ख्रिस्तसभा आता त्या मुलांसाठी आशा धरते. अधिकृत आहे ते. मी तुम्हाला कागद पाठवतो."

"वाचलाय मी तो," टीचर म्हणाल्या. "आशा आहे असं लिहिलंय. माहीत आहे असं कुठे लिहिलंय?"

बाहेर पडल्यावर त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "टीचर, ज्याने समासात लिहिलं, त्याचंही कुणी गेलं असेल. म्हणून तर लिहिलं ना त्याने."

"असेल," त्या म्हणाल्या. "म्हणजे तो माझ्यासारखाच. त्याला तरी काय माहीत होतं?"

आठवडाभराने मी पापडीला गेले, तेव्हा टीचर वह्या बांधत होत्या. कपाटाचे दोन खण भरून वह्या होत्या, प्रत्येकीवर चर्चासत्राचं गाव आणि साल. अंकल घरात नव्हते. टीचरांनी मला बसवलं, पाणी दिलं, आणि आदल्या रविवारी काय झालं ते सांगितलं. आवाज कुठेही चढला नाही.

मिस्सा झाल्यावर अंकल चर्चमधून घरी आले, ते आत न येता ओट्यावरच बसून राहिले. टीचर बोलवायला गेल्या. अंकल म्हणाले, "जोआना, नर्सने इचारलं होतं मला."

"काय विचारलं होतं?"

"पानी घालू का म्हनून. तू आत होतीस. केरळची होती ती. म्हनाली, बाळ राहनार नाही, बाप्तिस्मा मी देते, नाहीतर तुम्ही द्या, कुणीही दिला तरी चालतो. मी म्हटलं, थांबा, फादर येतायत."

अशा वेळी कुणीही पाणी घालून दोन वाक्यं म्हटली की बाप्तिस्मा होतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात लहान मुलांनाही हे शिकवतात. अंकलनाही शिकवलेलं होतं. पण ते तेव्हा सव्वीस वर्षांचे होते, एवढ्याशा मुलीला हात लावायची त्यांना भीती वाटली. फादर आले तर सगळं रीतसर होईल, असं वाटलं. नर्स वाटी घेऊन थोडा वेळ उभी राहिली, मग ठेवून गेली. पाऊण तासाने मुलगी गेली.

"एक्केचाळीस वर्षं त्यांनी हे पोटात ठेवलं," टीचर म्हणाल्या. "मी गोव्याला गेले तेव्हा स्टेशनवर सोडायला आले होते. परत आणायलाही आले होते. मी रात्री जेवताना सांगायची, आज अमका असं म्हणाला, तमका तसं म्हणाला. हे ऐकून घ्यायचे."

"मग आता का सांगितलं?"

"म्हणाले, तुझं ते वाक्य होतं तोवर मला वाटायचं, चाललंय, सुटलो. त्या दिवशी हॉलमध्ये ते गेलं, मग माझ्याकडे काय राहिलं."

मी विचारलं, तुम्ही त्यांना काय म्हणालात. त्या म्हणाल्या, काही नाही. भात टाकायचा होता, आत गेले.

त्यानंतरही त्या घरात दोघंच आहेत. टीचर स्वयंपाक करतात, अंकलची ब्लडप्रेशरची गोळी काढून ताटाजवळ ठेवतात. भांडण नाही. अंकल मिस्साला जातात, पण ख्रिस्तप्रसाद घ्यायला उठत नाहीत, बाकावरच बसून राहतात. शेजारचे गॉडफ्रे मास्तर टीचरांना म्हणाले, त्यांना समजवा, पापनिवेदन करू द्या, मन हलकं होईल. टीचर म्हणाल्या, "त्यांना जायचं तर जातील." एकदा मी भीत भीत विचारलं, तुम्ही त्यांना माफ केलंत का. "रागच येत नाही गं," त्या म्हणाल्या. "राग आला असता तर माफ करता आलं असतं. सव्वीस वर्षांचा घाबरलेला माणूस दिसतो मला. आणि तरी त्यांच्या शेजारी बसवत नाही."

पुढच्या चर्चासत्राचं निमंत्रण फादर फ्लॉईड स्वतः घेऊन गेले. त्यांनी टीचरांना एका बैठकीचं अध्यक्षपद देऊ केलं होतं. टीचरांनी त्यांना लिंबाचं सरबत दिलं, निमंत्रण वाचलं आणि परत त्यांच्या हातात ठेवलं. वह्या हव्यात का विचारलं. फादर म्हणाले, आमच्या ग्रंथालयात ठेवू. दोन खोकी भरून वह्या गेल्या. फादरनी मला नंतर सांगितलं की त्या अजून उघडल्या नाहीत, यादी करणारं माणूस नाही.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला टीचर माझ्याकडे आल्या. मृतांचा दिवस होऊन गेला होता. दरवर्षी त्या माहेरच्या दफनभूमीत भिंतीकडे मेणबत्ती लावून यायच्या. मी विचारलं, जाऊन आलात का. नाही म्हणाल्या.

"प्रार्थना करता?"

"करते ना. संध्याकाळी रोझरी म्हणते. कुणी ऐकतंय असं वाटत नाही. पण न म्हटल्यावर काय करायचं, तेही माहीत नाही."

मग त्या कॉम्प्युटरकडे पाहून म्हणाल्या, "तो निबंध अजून आहे का त्यात?"

आहे म्हटलं.

"काढून टाक."

मी म्हटलं, टीचर, राहू द्या, तेरा पानं तर बरोबरच आहेत. त्या म्हणाल्या, "स्वप्ना, काढ." आठवीच्या वर्गात म्हणायच्या तसं. मी त्यांच्यासमोर फाइल डिलीट केली. त्यांना तेवढं पुरेना. "ते दुसरीकडे जाऊन पडतं ना, तिथूनही." मी तिथूनही काढली.

त्यांनी चहा घेतला. माझ्या मुलीची, खुशीची, दहावी आहे, तिचं मराठी व्याकरण कच्चं आहे म्हटल्यावर तिला हाक मारली आणि अर्धा तास समास समजावून दिले. मग पिशवी घेऊन बसस्टॉपवर गेल्या. मी सोबत येते म्हटलं, तर नको म्हणाल्या.