‘नालायक’च्या पुढचा शब्द

पडदा वर जातो. दुसऱ्या मजल्यावरची खोली. डावीकडे खिडकी, उजवीकडे स्वयंपाकघराचं दार, मध्ये चार खुर्च्या, त्यातली एक डुगडुगणारी. खिडकीशी एक सडपातळ म्हातारा उभा. उभाच, कारण बत्तीस वर्षं छापखान्यात उभ्याने शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवल्यावर त्याची बसायची सवयच मोडली. बोटांची टोकं काळी ती काळीच, साबणाने हात टेकले. हे आमचे नाना, पेशाने जुळारी. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते. आमच्या नाटकांच्या जाहिराती तेच जुळवायचे आणि माझं नाव मालकांना न विचारता एक माप मोठ्या टायपात घ्यायचे. त्यामुळे माझा त्यांच्यावर लोभ जरा जास्तच.

नानांना रशियन येतं, अशी साऱ्या गल्लीत ख्याती होती. ही ख्याती त्यांनी स्वतःच पसरवली होती. झालं असं होतं, की त्यांच्या छापखान्यात इंग्रजी-रशियन शब्दकोश छापायला आला. मालकांनी काम वाटून दिलं आणि इंग्रजीतले ‘अन’ने सुरू होणारे शब्द नानांच्या वाट्याला आले. बाराशेच्या वर शब्द, आणि जवळजवळ सगळे नकाराचे. हे नाही, ते नाही, अमुक नसलेला, तमुक न झालेला. रशियनमध्येही तीच रड, फक्त ‘अन’च्या जागी बहुतेक ठिकाणी ‘नि’.

रोज दुपारी कोशाच्या संपादकबाई यायच्या. नाना जुळवलेलं मोठ्याने वाचायचे, बाई उच्चार सुधारायच्या, अर्थ सांगायच्या आणि हस्तलिखिताशी ताडून बघायच्या. जुळवलेले खिळे एका लांब तबकात ठेवतात, त्याला गॅली म्हणतात. छापखान्याचा नियम कडक होता: वाचताना मध्ये अडथळा आला, चूक सापडली, कोणी शिंकलं तरी पुन्हा गॅलीच्या पहिल्या ओळीपासून सुरुवात. असं दीड वर्ष चाललं. पाठांतराची शेखी आम्ही नटमंडळी मिरवतो, पण नानांना बाराशे शब्द अर्थासकट पाठ झाले. मात्र ‘ये’, ‘बस’, ‘पाणी’, ‘मुलगी’ यातला एकही शब्द त्यांना येत नव्हता. पण हे कळणार कोणाला? आमच्या गल्लीत रशियन माणूस येणार कुठून?

आलं. नानांचा मुलगा जहाजावर इंजिनीअर. पाच वर्षांत घरी फिरकला नव्हता. त्याचं पत्र आलं, की लग्न केलंय, मुलगी रशियन आहे, रविवारी दोघं येतोय. शेवटी एक ओळ होती: ‘तिला अवघडल्यासारखं वाटलं तर आम्ही हॉटेलात उतरू, वाईट वाटून घेऊ नका.’

नानींनी ती ओळ दोनदा वाचली आणि पत्र टेबलावर आपटलं.

“पाच वर्षांनी पोरगं येतंय, ते हॉटेलात उतरायला? तुम्हाला येते ना तिची भाषा? मग दारातच असं काही बोला, की पोरीचा पाय इथून निघता कामा नये.”

“बोलतो की.”

“काय बोलाल?”

“ते आयत्या वेळी सुचेल.”

“आयत्या वेळी तुम्हाला चष्मा सापडत नाही!”

त्या संध्याकाळी नाना माझ्याकडे आले. तोंडचं पाणी पळालेलं.

“बाई, तुम्ही रंगभूमीवरची माणसं. मला उभं करा.”

सगळं खरं सांगून टाकलं बिचाऱ्यांनी. मी कपाळाला हात लावला, पण हाडाची नटी मी, तालीम म्हटलं की अंगात येतं. बाराशे शब्दांत सुनेला म्हणण्याजोगा एखादा तरी सापडतो का, ते आम्ही धुंडाळायला बसलो. दोन तासांनी सापडला. अनफर्गेटेबल. निझबिवायमी. अविस्मरणीय.

“वा!” मी म्हटलं. “नुसतं एवढंच म्हणायचं, हात असा पुढे करायचा, आणि थांबायचं.”

“नुसतं म्हणता येत नाही.”

“म्हणजे?”

“गॅलीच्या डोक्यापासून सुटलो, तरच तिथे पोचतो.” आणि नाना सुटले. “अनफेअर, निस्प्रवेद्लीवी. अनफेथफुल, निव्येर्नी. अनफॅमिलियर, निझनाकोमी. अनफॅशनेबल, निमोदनी. अनफिनिश्ड, निझाकोन्चेन्नी. अनफिट, निगोदनी. अनफर्गेटेबल, निझबिवायमी!”

“नाना, तुम्ही सुनेला दारात उभी करून अन्यायी, बेइमान, अनोळखी, जुनाट, अर्धवट आणि नालायक म्हणणार?”

“पण मग लगेच अविस्मरणीय म्हणणार ना!”

“तोवर ती विमानतळावर पोचली असेल!”

आणखी एक धोका होता. अविस्मरणीयच्या पुढचीच ओळ ‘अक्षम्य’. म्हणजे वेळेवर ब्रेक लागला नाही तर आटोपलंच. शेवटी मी युक्ती काढली. पहिले सहा शब्द मनात म्हणायचे, सातवा मोठ्याने. चार दिवस तालीम केली. शनिवारी एकदम फक्कड जमलं. ओठ हलायचे, पण आवाज फुटायचा तो सातव्यालाच.

रविवार. नानींनी मला स्वयंपाकघराच्या दारात कागद घेऊन उभं केलं, गाडी अडलीच तर शब्द पुरवायला. खाली टॅक्सी थांबली. मी खिडकीशी जाऊन बघितलं. मुलगा उतरला, सुनेला उतरवलं, सामान मात्र टॅक्सीतच ठेवलं आणि ड्रायव्हरला थांबायची खूण केली. ते नानींनीही पाहिलं. त्या पदराशी चाळा करत राहिल्या.

दारात सून. उंच, पिवळा कोट, खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. नाना पुढे झाले आणि मनातल्या मनात सुरू झाले. ओठ हलतायत, आवाज नाही. एक, दोन, तीन, चार... पोरगी घाबरली. म्हाताऱ्याला काही होतंय की काय, असं वाटून तिने त्यांचा दंड धरला आणि म्हणाली, “हॅलो?”

झाला अडथळा! नियम म्हणजे नियम. नाना पुन्हा डोक्यापासून सुटले, आणि गडबडीत यावेळी खणखणीत आवाजात.

“अनफेअर, निस्प्रवेद्लीवी! अनफेथफुल, निव्येर्नी!” अनफॅशनेबलला पोरीने खाली स्वतःच्या कोटाकडे पाहिलं.

“बाबा!” मुलगा ओरडला.

“अनफेअर, निस्प्रवेद्लीवी...”

“मावशी, हे काय चाललंय?” तो माझ्याकडे वळला.

“मध्ये बोलू नकोस रे, तुझ्यामुळेच लांबतंय!” मी दटावलं.

नाना पुन्हा पहिल्या ओळीवर. कसेबसे अर्धवटपर्यंत पोचतायत, तर खालून टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. नानांच्या कपाळावर घाम. मुलाने बायकोचा हात धरला आणि हळूच म्हणाला, “आई, आम्ही निघतो. संध्याकाळी येऊन जाऊ.”

नानींनी दार लावलं आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

“जाशील. आधी बापाला शेवटपर्यंत जाऊ दे. चार दिवस हा माणूस नीट जेवला नाहीये.”

सुनेने नवऱ्याचा हात सोडला, समोर दिसली ती खुर्ची ओढली, नेमकी डुगडुगणारी, आणि नानांसमोर शाळेत बसावं तशी बसली.

नाना सुरू झाले, आता हळू आवाजात. अनफेअर. अनफेथफुल. चौथ्यांदा ऐकत होती ती, हुशार पोरगी, सगळे शब्द कोशाच्या क्रमाने लागलेत हे तिच्या ध्यानात आलं होतं. अनफॅमिलियरला तिचे ओठ हलले. अनफॅशनेबलला तिने कोटाची कॉलर चिमटीत धरून दाखवली आणि फिस्सकन हसली. अनफिनिश्ड दोघं मिळून म्हणाले. अनफिट, निगोदनी तर दोघांनी असं ठणकावून म्हटलं, की मुलाने कानांवर हात ठेवले.

मग नानांनी काळ्या टोकांचा हात तिच्यापुढे केला. मी शिकवला होता त्यापेक्षा खूपच साधा.

“अनफर्गेटेबल. निझबिवायमी.”

आणि ब्रेक लागला. मी हातातला कागद चुरगाळला. माझ्या कुठल्याही प्रवेशाला मी इतकी घामाघूम झाले नव्हते.

पोरीने तो हात दोन्ही हातांत घेतला. मग मान वळवून नवऱ्याला भराभरा काहीतरी म्हणाली.

“काय म्हणतेय?” नानींनी विचारलं.

“ती विचारतेय,” मुलगा चाचरत म्हणाला, “याच्या पुढे काय आहे?”

नानांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा नानींकडे, आणि मग मुलावर असे गरजले, की खिडकीची तावदानं हलली.

“अरे, सामान काढ ना टॅक्सीतून! पोरगी पुढचं पान मागतेय, आणि तू मीटर चालू ठेवून उभा!”