जावईबापू तळच्या फळीत

वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी कूलासला सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली. सरकारी कंत्राट घेणाऱ्या मोठ्या कंपनीने शंभरात एक माणूस आदिवासी ठेवायचा, असा तैवानात कायदा आहे. साहेबांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर ओळख करून दिली, "हा आपला एक टक्का." लोक हसले. कूलासही हसला. दुसऱ्या दिवसापासून तो फाटकाशी येणाऱ्या प्रत्येकाला सलाम ठोकून सांगू लागला, "नमस्कार. मी एक टक्का. बाकीचे नव्याण्णव आत आहेत." आठवड्याने साहेबांनी त्याला खाजगीत बोलावून हे थांबवायची विनंती केली. त्याने ती मान्य केली, पण बदल्यात गावच्या ऑगस्टमधल्या सुगीच्या उत्सवासाठी भरपगारी रजा मिळवली.

त्याआधी त्याने पंधराव्या वर्षी टूनाच्या बोटीवर आणि विशीपासून ताइपेत सेंट्रिंगचं काम केलं होतं. निवृत्त झाल्यावर तो पूर्व किनाऱ्यावरच्या आपल्या अमीस जमातीच्या गावात परतला, बायकोच्या घरी. अमीसांत घर बाईचं असतं, पुरुष लग्न करून तिकडे जातो. पण बहिणीच्या घरात लग्न, मर्तिक, वाटणी, काहीही असलं तरी शब्द मामाचा चालतो. मामा आल्याशिवाय तिथे भांडणसुद्धा नीट सुरू होत नाही.

तर एका वर्षी जुलैमध्ये कूलासच्या भाचीचा, इपायचा, ताइचुंगहून फोन आला.

"मामा, याला समजवा. तो माझं ऐकत नाही."

'हा' म्हणजे तिचा नवरा चुआंग, बहुसंख्य हान चिनी वंशाचा, शाळेत गणित शिकवणारा. माणूस सरळ आणि हट्टी. त्यांची मुलगी यू-चेन बारावीला जाणार होती. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं आणि त्या प्रवेशाची रांग फार लांब होती. आईकडून ती अमीस, पण तेव्हाच्या नियमाप्रमाणे आईचं आडनाव किंवा अमीस नाव लावल्याशिवाय कागदावर ती अमीस नव्हती. नाव बदललं तर प्रवेश परीक्षेत शेकडा दहा वाढीव गुण, आणि भाषेची परीक्षा पास असेल तर पस्तीस. ती परीक्षा यू-चेन पास झालीच होती. दर रविवारी फोनवरून कूलासनेच शिकवलं होतं, शिव्यांपासून सुरुवात करून. अडलं होतं एका सहीपाशी. मुलगी सज्ञान नव्हती, त्यामुळे नाव बदलायला बापाची संमती लागणार होती आणि परीक्षेचे अर्ज भरण्याआधी ती हवी होती.

बाप नाही म्हणत होता. गेली पंधरा वर्षं नववर्षाच्या जेवणावर तो कूलासशी याच विषयावर वाद घालत आला होता. ताइपेतल्या डॉक्टरच्या मुलाला, केवळ आई अमीस म्हणून, गुण मिळतात, आणि रात्रबाजारात आमलेट विकणाऱ्याच्या पोरीला मिळत नाहीत, हा कुठला न्याय? सगळ्यांनी एका रेषेवरून धावावं. जो पुढे येईल तो पुढे. आता स्वतःच्या मुलीसाठी तो शब्द फिरवायला तयार नव्हता. शिवाय त्याची आई फोनवर रडत होती, की चुआंगांची नात दुसऱ्याचं आडनाव लावणार.

"त्याला उत्सवाला घेऊन ये," कूलास म्हणाला.

"तो आला तरी वाद घालेल."

"घालू दे ना. दरवर्षी घालतो. या वेळी मैदानात घालेल."

ऑगस्टमध्ये तिघं आली. यू-चेन गाडीतून उतरली ती थेट बायकांच्या घोळक्यात चिकट भात वाफवायला गेली. चुआंगने दारूची बाटली पुढे केली. कूलासने बोट बुडवून चार थेंब पितरांसाठी जमिनीवर शिंपडले आणि उरलेलं स्वतःची जबाबदारी मानलं.

"या जावईबापू. प्रवास कसा झाला?"

"बरा झाला. मामा, मी आधीच सांगतो, सहीचा विषय नको."

"कोणी काढला? तुम्हीच काढलात."

संध्याकाळी मैदानात पुरुष गोल धरून नाचायला उभे राहिले. अमीस पुरुष फळ्यांमध्ये वाटलेले असतात. बरोबरीच्या वयाची मुलं तेराव्या-चौदाव्या वर्षी एकदम तळच्या फळीत शिरतात, वरच्यांचे निरोप पोचवतात, दारू ओततात, लाकडं आणतात, बोलणी खातात, आणि दर काही वर्षांनी सगळी फळी एकदम एक पायरी वर चढते. एकाची चूक ती सगळ्या फळीची चूक. फळी नसलेल्या पुरुषाला गोलात जागा नाही. तो बाहेर पाहुण्यांबरोबर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसतो.

चुआंग पंधरा वर्षं खुर्चीवर बसला होता. त्या दिवशी मुलगी बायकांच्या रांगेतून हात करत होती, म्हणून की काय, तो उठून कूलासकडे आला.

"मामा, मला नाचायचंय. मी अठ्ठेचाळीसचा. माझ्या वयाच्यांत उभं करा."

कूलासने तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. इतकी चांगली संधी पायांनी चालत आपल्याकडे येईल, असं त्याला वाटलं नव्हतं.

"त्यांनी खाली काम केलंय, जावईबापू. बांबू तोडलेत, थोबाडीत खाल्लीये, तेव्हा तिथवर चढलेत. तुम्हाला थेट वर घ्यायचं तर वाढीव गुण द्यावे लागतील."

शेजारच्या दोन म्हाताऱ्यांनी माना फिरवल्या, तोंडावरचं हसू लपवायला.

चुआंगचे कान लाल झाले. "गरज नाही. मी तळापासून सुरू करतो."

"बघा हं. पोरं तेरा वर्षांची आहेत."

"सगळ्यांनी एका रेषेवरून धावावं. मीच म्हणतो ना?"

"म्हणता खरं." कूलास उठला आणि त्याने हाक मारली, "मायाव! हा तुझ्याकडे नवीन. याला कामाला लाव." मग चुआंगकडे वळून, "आणि तू, गोल सुटेपर्यंत खाली बसायचं नाही."

'तुम्ही'चं 'तू' झालेलं चुआंगच्या लक्षात आलं. तळच्या फळीला कोणीच तुम्ही म्हणत नाही.

मायाव एकोणीस वर्षांचा होता, एक पायरी वर. त्याने चुआंगला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाला, "बूट काढ. दारू ओतताना दोन्ही हात. म्हातारे बोलत असताना मध्ये बोलायचं नाही."

शेवटचा नियम गणिताच्या मास्तरांना सगळ्यात जड गेला. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी एका म्हाताऱ्याला गावात वीज कुठल्या साली आली ते दुरुस्त करून सांगितलं, आणि अख्ख्या तळच्या फळीला मैदानाभोवती बेडूकउड्या माराव्या लागल्या. पोरं चुआंगकडे ज्या नजरेने बघत होती ती नजर त्याने आजवर फक्त वर्गात, दुसऱ्या बाजूने, पाहिली होती.

खरी अडचण पळण्याची झाली. रोज सकाळी तळची फळी मैदानापासून नदीच्या मुखाजवळच्या खडकापर्यंत पळत जाऊन परत येते. घड्याळ नसतं. म्हाताऱ्यांपैकी एक जण सुपारी तोंडात टाकतो आणि ती थुंकायच्या आत फळीतला शेवटचा माणूस परत यावा लागतो. त्या वर्षी सुपारी कूलासच्या तोंडात होती. पहिल्या दिवशी पोरं आली, चुआंग अजून माडांपाशी होता, आणि कूलासने पच्‌कन थुंकलं. सगळी फळी पुन्हा पळाली. दुसऱ्या दिवशी तेच. चुआंग खडकापाशी ओकला, तरी पळाला. रात्री इपायने त्याच्या पोटऱ्यांना तेल चोळलं.

"पुरे झालं," ती म्हणाली. "खुर्चीवर बस उद्या."

"नाही. नियम म्हणजे नियम."

तिसऱ्या दिवशी सकाळी पोरांचं शिष्टमंडळ कूलासकडे आलं. पुढे एक बुटका, दात पडलेला.

"आजोबा, त्या मास्तरला अर्ध्या वाटेवरून पळायला सुरुवात करू द्या."

"का रे? एका रेषेवरून पळायचं असतं."

"तो म्हातारा आहे! शिवाय शहरात वाढलाय, अनवाणी कधी पळालाच नाही. तो कितीही पळाला तरी मागेच राहणार आणि पुन्हा पळायचं आम्ही!"

"त्याला विचारलंत?"

विचारलं होतं. चुआंग आधी नाही म्हणाला होता. मग बुटक्याने त्याला सांगितलं, "तुझा मान तू घरी सांभाळ. इथे पाय आमचे दुखतात." तेव्हा मास्तरांनी सूट घ्यायचं कबूल केलं. पण अर्धी वाट त्यांना पटेना. अर्धी म्हणजे अंदाजपंचे. किती सूट न्याय्य, ते काढलं पाहिजे. कूलास मैदानाजवळच्या वाळूवर पोचला तेव्हा चुआंग उकिडवा बसून काठीने आकडेमोड करत होता आणि पोरं भोवती वाकून बघत होती. वय, पावलांची लांबी, दोन दिवसांचा अनुभव, सगळं त्याने मांडलं होतं.

"काय निघालं?" कूलासने विचारलं.

"साधारण चाळीस टक्के."

कूलासने वाकून तो आकडा पाहिला. "सरकार पस्तीसच देतं," तो म्हणाला. "तू जास्त मागतोयस."

पोरांना कळलं नाही. चुआंगला कळलं. त्याने काठी टाकली, उचलली, पुन्हा टाकली.

"हे वेगळं आहे, मामा."

"कसं?"

"इथे… इथे कोणाची जागा जात नाही. मी पुढून पळालो तरी कोणी मागे राहत नाही."

"आणि तिकडे? त्या जागा वरून वाढवून देतात म्हणे. तूच नववर्षाला सांगितलं होतंस, मला कुठे ठाऊक होतं."

चुआंग खरोखरच प्रामाणिक माणूस होता. त्याने मान हलवली. "हो. जागा वेगळ्या असतात. पण मामा, लोक तिला आयुष्यभर म्हणतील, गुण फुकटात मिळाले."

मागे यू-चेन भाताची टोपली घेऊन उभी होती. "बाबा, वर्गात आताच म्हणतात. मी अजून काही घेतलेलंसुद्धा नाही. ऐकायचंच आहे तर घेऊन ऐकते."

मायावने शिट्टी फुंकली. चुआंग वाटेवर चाळीस टक्के पुढे जाऊन उभा राहिला, मग मागे आला, पस्तीसवर, आणि पळाला. येताना तो शेवटचाच होता. पोरं मैदानाच्या कडेला ओरडत होती, "मास्तर, पळ! मास्तर, पळ ना रे!" कूलासच्या गालात सुपारीचा कधीच चोथा झाला होता. शेजारचा म्हातारा कोपराने ढोसत होता, तरी त्याने तोंड मिटून ठेवलं. चुआंग हातापायांवर मैदानात येऊन पडला, तेव्हा कुठे कूलास थुंकला.

श्वास सापडल्यावर चुआंग म्हणाला, "मामा, आज सुपारी लांबली."

"मोठी होती."

त्या संध्याकाळी चुआंग गोलात नाचला, पोरांच्या ओळीत, बुटक्याचा हात धरून. दारू ओतताना तो एकही शब्द बोलला नाही, आणि रात्री जेवताना इपायला म्हणाला, "सोमवारी कार्यालय कधी उघडतं?"

त्याच्या आईचा प्रश्न यू-चेनने स्वतः सोडवला. फोनवर तिने आजीला विचारलं, "आमा, आईचं आडनाव लावू नको ना? बरं, मग आडनावच लावत नाही. नुसतं होंगाय इपाय. होंगाय म्हणजे मी, इपायची." दुसऱ्या कुळाचं नाव नातीला लागत नाही, हे आमाच्या दृष्टीने चालण्यासारखं होतं. "पण तो काऊ घराण्याचा म्हातारा काय म्हणतोय?" तिने विचारलं. कूलासने फोन घेतला. "आमचं काऊ हे चिनी आडनाव युद्धानंतर एका सरकारी कारकुनाने वाटलं हो. माझ्या काकाला दुसरंच मिळालं. तुम्हाला हवं तर घेऊन जा."

सोमवारी सगळे नोंदणी कार्यालयात गेले. खिडकीमागे बसलेला कारकून गावचाच, पस्तिशीचा. त्याने कागद पाहिले आणि मग मान वर करून चुआंगला नीट पाहिलं.

"तू तळच्या फळीतला ना? उत्सवातला?"

"हो."

"आधी पाणी आण. सगळ्यांना. म्हातारे उभे आहेत, दिसत नाही?"

पूर्वीच्या चुआंगने विचारलं असतं, की ही सरकारी नोकरी आदिवासींच्या खास परीक्षेतून मिळाली की सर्वसाधारण. आता त्याने विचारलं, "कप कुठे आहेत?"

तो दोन्ही हातांनी धरून पाणी देत फिरला, पहिलं कूलासला. मग खिडकीशी जाऊन त्याने सही केली, खालची ओळ दोनदा वाचून, कारण सही करण्याआधी तो सगळंच दोनदा वाचतो.

बाहेर पडताना तो म्हणाला, "तरी सांगतो मामा, पस्तीस जास्त आहेत. पंचवीस पुरेत. आणि डॉक्टरच्या मुलांना शून्य."

"मांड की मग. पुढच्या ऑगस्टला वाळूवर."

"पुढच्या ऑगस्टला?"

"तळच्या फळीत पाच वर्षं काढावी लागतात," कूलास म्हणाला. "मायावने सांगितलं नाही वाटतं?"

चुआंग पायरीवर थांबला. "हे सहीच्या आधी का नाही सांगितलंत?"

कूलासने खिशातून सुपारी काढली, एक स्वतःच्या तोंडात टाकली, एक त्याच्यापुढे धरली. आणि तळच्या फळीतल्या माणसाने वडीलधाऱ्याला उलट प्रश्न विचारायचा नसतो, हे आठवून चुआंगने ती मुकाट्याने घेतली.